टाईमशीटचं कूळ आणि मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. त्या यादीत टाईमशीटचं नाव नाही, म्हणून मागचे तीन-चार वीकेंड मी तोच उद्योग केला. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय. लेख थोडा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आयटीवाल्यांना टाईमशीट म्हणजे काय हे सांगायला नको. शुक्रवारी संध्याकाळी सगळे निघायच्या घाईत असताना 'टाईमशीट भरा' असं मेल येतं आणि मग सोमवारी सकाळी आपण नक्की काय करत होतो हे आठवायचा प्रयत्न सुरू होतो. पण ह्या कागदानं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त छळ ज्यांचा केलाय अशी एक जमात आहे, ती म्हणजे अमेरिकेतल्या मोठमोठ्या लॉ फर्म्समधले तरुण वकील. आपण दिवसाचे आठ तास दोन-तीन ओळींत उरकतो. ते लोक दिवस सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत लिहितात. ०.१ म्हणजे सहा मिनिटं, ०.२ म्हणजे बारा. एका अशिलाशी फोनवर बोललो, लिहा ०.३. दुसऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट वाचलं, लिहा १.७. ह्यातला जो वेळ अशिलाच्या बिलात लावता येतो तो 'बिलेबल'. जेवण, ट्रेनिंग, ऑफिसातल्या मीटिंगा, शेजारच्याशी चार शब्द, हे सगळं खात्यात शून्य. आणि वर्षाला असे किती बिलेबल तास भरायचे ह्याचं टार्गेट असतं. १९००, २०००, काही ठिकाणी त्याहूनही जास्त.

ऐकणाऱ्याला वाटेल की वकिली जेवढी जुनी तेवढंच हे जुनं असणार. तसं अजिबात नाही. आणि गंमत म्हणजे ज्या माणसाच्या नावावर हा शोध जमा आहे, तो त्याआधी गरिबांना फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेत काम करत होता!

पण आधी त्याच्याही मागे जाऊ.

अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष होण्याआधी इलिनॉय राज्यात वकिली करायचा. तिथल्या इलिनॉय सेंट्रल रेल्वेवर मॅक्लीन नावाच्या काउंटीनं कर बसवायचं ठरवलं. एकीला जमलं असतं तर बाकीच्यांनीही बसवला असता, म्हणजे रेल्वेचं दिवाळंच. लिंकननं ती केस १८५६ साली जिंकून दिली. पुढे फीवरून वाद झाला, तेव्हा ह्या पठ्ठ्यानं १८५७ साली आपल्याच अशिलावर ५००० डॉलरचा दावा लावला आणि जिंकला. त्या दाव्याचा आधार तास हा नव्हता. केस किती मोठी होती, कंपनीचं किती नुकसान टळलं आणि इतर नामांकित वकिलांच्या मते ही फी रास्त आहे का, ह्यावर सगळं ठरलं.

पुढेही बरीच वर्षं असंच चाललं. काम संपलं की वकील बिल पाठवायचा आणि त्यावर बहुतेक वेळा एकच ओळ असायची, 'दिलेल्या सेवेबद्दल इतके डॉलर'. विसाव्या शतकात त्याच्या जोडीला आली ती गावोगावच्या बार असोसिएशन्सची किमान फीची यादी. मृत्युपत्र करायचं तर इतके, घराची कागदपत्रं तपासायची तर किमतीच्या इतके टक्के. आपल्याकडच्या उडुप्याच्या हॉटेलात भिंतीवर फळा असतो ना, तसं. आपल्याकडेही कोर्टात उभा राहणारा वकील अजून बहुतेक वेळा तारखेचे नाहीतर केसचे पैसे घेतो, मिनिटांचे नाही.

आता येऊ मूळपुरुषाकडे. रेजिनाल्ड हेबर स्मिथ. १९१४ साली हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेऊन हा पंचविशीतला मुलगा बॉस्टन लीगल एड सोसायटीचा प्रमुख झाला. दारात रांग लागलेली. मजुरी बुडालेले कामगार, घरमालकानं हुसकलेले भाडेकरू, नवऱ्यानं सोडून दिलेल्या बायका. पैसे तुटपुंजे आणि वकील मोजके. अशा वेळी पहिला प्रश्न हाच पडतो की एका केसला आपल्याला खर्च किती येतो? ते कळलं तर आहे त्या पैशांत आणखी किती लोकांना मदत करता येईल हे कळणार. आणि वकिलाच्या ऑफिसात खर्च म्हणजे मुख्यतः माणसाचा वेळ. तेव्हा वेळ मोजायला हवा.

तो काळही तसाच होता. बॉस्टनचाच वकील लुई ब्रँडाइस ह्यानं १९१० साली रेल्वेच्या दरवाढीविरुद्ध लढताना 'शास्त्रीय व्यवस्थापन' हा शब्द गाजवला होता. १९११ साली फ्रेडरिक टेलरचं त्याच विषयावरचं पुस्तक आलं. कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन माणसं फिरायला लागली होती. इंजिनियरिंगला इंडस्ट्रियल मॅनेजमेंटचा पेपर ज्यांनी रात्री जागून काढला असेल त्यांना टेलरसाहेब आठवत असतीलच.

१९१९ साली स्मिथनं दोन गोष्टी केल्या. गरिबांना न्याय कसा मिळत नाही ह्यावर 'जस्टिस अँड द पूअर' हे पुस्तक लिहिलं, जे अमेरिकेतल्या लीगल एड चळवळीचा पाया मानलं जातं. आणि बॉस्टनच्या हेल अँड डॉर ह्या नव्या फर्ममध्ये तो मॅनेजिंग पार्टनर म्हणून गेला. तिथे त्यानं हिशेबाची शिस्त लावली. प्रत्येक वकिलानं रोजचा कागद भरायचा, तासाचे दहा भाग, म्हणजे सहा मिनिटांचा एक. १९४० साली त्यानं अमेरिकन बार असोसिएशनच्या (पुढे नुसतं एबीए म्हणू) मासिकात लेखमाला लिहून ही पद्धत देशभर पोचवली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. स्मिथसाठी ही नोंद मुख्यतः खर्च कळावा म्हणून होती. केस तोट्यात गेली का, कोणत्या पार्टनरनं किती भार उचलला, हे कळण्यासाठी. अर्थात वकील जो माल विकतो तो शेवटी वेळच, अशा अर्थाचं वाक्यही त्यानंच त्या लेखमालेत लिहून ठेवलंय. म्हणजे बी त्यानंच पेरलं होतं, हेही खरं.

त्या बीला पाणी घातलं १९५८ साली. वकिलांची कमाई डॉक्टर आणि डेंटिस्ट ह्यांच्या मानानं मागे पडतेय हे एबीएला खुपत होतं. त्यांनी एक पुस्तिका काढली. नाव मोठं झकास होतं, '१९५८ चा वकील आणि त्याचा १९३८ चा डॉलर'. सल्ला असा की बाबांनो, वेळेची नोंद ठेवा, म्हणजे कमाई वाढेल. आणि त्यात एक आकडा होता. ओव्हरटाईम केला नाही तर वकिलाच्या हाती वर्षाला पैसे देणारे साधारण १३०० तास असतात.

१३००. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तरीही तोवर फीच्या याद्या होत्याच. त्या गेल्या एका घर घेणाऱ्या जोडप्यामुळे. व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीत गोल्डफार्ब नवरा-बायको घर घेत होते. आपण फ्लॅट घेताना वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढून घेतो ना, तसंच टायटल तपासून हवं होतं. वकिलानं यादीप्रमाणे किमतीच्या १ टक्का फी सांगितली. नवरा स्वतः सरकारी वकील, सहजासहजी गप्प बसणारा नव्हता. त्यांनी आणखी ३६ वकिलांना पत्रं पाठवली. १९ जणांची उत्तरं आली आणि एकही जण यादीच्या खाली यायला तयार नव्हता! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९७५ साली कोर्टानं सांगितलं की हे सरळसरळ संगनमतानं भाव ठरवणं आहे आणि मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. याद्या रातोरात मेल्या.

मग आता फी ठरवायची कशी? कागद तयारच होता. तास गुणिले दर. मोठ्या कंपन्यांच्या कायदा विभागांनाही हे बरं वाटलं, कारण 'दिलेल्या सेवेबद्दल' ह्या एका ओळीऐवजी आता कुणी किती तास काय केलं ते दिसायला लागलं. थोडक्यात काय, तर खर्च मोजायची पट्टी आता किंमत ठरवायची पट्टी झाली.

इथवर ठीक होतं. खरी मेख पुढे आहे, आणि ती फर्मच्या रचनेत आहे. न्यूयॉर्कच्या पॉल क्रॅवाथनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक पद्धत बसवली होती. उत्तम कॉलेजांतून हुशार पोरं उचला, त्यांना घासून तयार करा, काही वर्षांनी त्यातल्या थोड्यांना पार्टनर करा आणि बाकीच्यांना नारळ द्या. खाली असोसिएट भरपूर, वर पार्टनर थोडे. ह्या पिरॅमिडवर तासांचा हिशेब बसवून बघा. समजा (आकडा फक्त हिशेबापुरता) असोसिएटचा दर तासाला १०० डॉलर आहे आणि एका पार्टनरच्या हाताखाली दहा असोसिएट आहेत. प्रत्येकानं वर्षाला २०० तास जास्त भरले तर २ लाख डॉलर जास्त आले. पगार तेवढाच. म्हणजे हा सगळा वरचा पैसा वर जाणार.

त्यात १९८५ साली 'द अमेरिकन लॉयर' ह्या मासिकानं मोठ्या फर्म्सची यादी छापायला सुरुवात केली, पार्टनरमागे नफा किती ह्यासकट. तोवर झाकली मूठ होती. आता कुणाची किती हे सगळ्या गावाला कळलं आणि शर्यत लागली. १९८६ साली क्रॅवाथच्या फर्मनं पहिल्या वर्षाच्या असोसिएटचा पगार ६५ हजार डॉलर केला. २००० साली डॉट कॉमच्या लाटेत सिलिकॉन व्हॅलीतल्या गंडरसन डेटमर फर्मनं तो १ लाख २५ हजारावर नेला, कारण पोरं स्टार्टअपमध्ये पळत होती. (म्हणजे ह्यात आपल्या धंद्याचाही हात आहे!) बाकीच्या मोठ्या फर्म्सना मागोमाग जावं लागलं. २०२३ च्या शेवटी हा आकडा २ लाख २५ हजारावर पोचला. पगार वाढला की तो कुठून तरी वसूल करायचा, आणि वसूल करायची जागा एकच. बोनस तासांना बांधला गेला. १३०० तासांचा वकील बघता बघता २००० तासांवर आला.

आपण इंजिनियर, तेव्हा भागाकार करून बघू. सुट्ट्या वगैरे धरून वर्षात कामाचे ४८ आठवडे. १३०० तास म्हणजे दिवसाला साधारण ५ तास २५ मिनिटं बिलेबल. ऑफिसातल्या चार तासांपैकी तीन बिलेबल निघतात असं धरलं तर ऑफिसात सव्वासात तास. माणूस संध्याकाळी घरी जेवायला पोचतो. आता २००० घ्या. दिवसाला ८ तास २० मिनिटं बिलेबल, म्हणजे ऑफिसात ११ तासांच्या वर, प्रवास सोडून. हे कधीही आजारी न पडता, कुणाच्या लग्नाला न जाता. एक शुक्रवार बुडाला तर तो शनिवारी भरायचा. भागाकार साधा आहे, पण उत्तरात एका माणसाची संध्याकाळ गेलेली आहे.

अमेरिकेचे त्या वेळचे सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट ह्यांनी १९८७ सालीच हे लिहून ठेवलंय. २००० तासांच्या वर मागणारी फर्म असोसिएटकडे शंभर टन भंगार विकत घेतल्यासारखी बघते, पैसे शंभर टनाचे मोजलेत तर सगळं वापरलं पाहिजे, असा त्यांचा रोख होता. आणि एवढं टार्गेट दिलं की तास फुगवायचा मोह होणारच, हेही त्यांनी सांगितलं होतं.

तसंच झालं. १९९३ साली एबीएला लेखी मत द्यावं लागलं की एका अशिलासाठी विमानानं जाताना दुसऱ्याचं काम केलंत तर तेच तास दोघांना लावता येणार नाहीत. हे लिहून सांगावं लागलं म्हणजे बघा! त्याच वर्षी जॉन ग्रिशमच्या 'द फर्म'वरचा टॉम क्रूझचा सिनेमा आला. त्यात फर्म शेवटी अडकते ती वाढीव बिलं पोस्टानं पाठवल्याच्या गुन्ह्यात. आणि पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, वेब्स्टर हबेल ह्या बड्या माणसानं अगदी तोच, पोस्टाच्या फसवणुकीचा गुन्हा कोर्टात कबूल केला. हा क्लिंटन सरकारच्या न्याय खात्यातला वरचा अधिकारी, त्याआधी आर्कान्सॉमधल्या रोझ लॉ फर्मचा पार्टनर. खोट्या बिलांमधून त्यानं अशील आणि स्वतःचे पार्टनर दोघांनाही जवळपास ४ लाख डॉलरला फसवलं होतं. २१ महिन्यांची शिक्षा झाली.

पण चोरांपेक्षा मला प्रामाणिक लोकांचं जास्त वाटतं. बायकांचंच बघा. अटलांटाच्या किंग अँड स्पाल्डिंग फर्मनं पार्टनर केलं नाही म्हणून एलिझाबेथ हिशन कोर्टात गेली. पार्टनर निवडताना बाई म्हणून डावलणं हाही भेदभावच, तिथेही कायदा लागू होतो, असं सुप्रीम कोर्टानं १९८४ साली ठरवलं. दार उघडलं. पण नेमकं त्याच दशकात तासांचं टार्गेट चढत होतं, आणि पार्टनरशिपसाठी घासायची वर्षं म्हणजे साधारण सत्तावीस ते पस्तीस, जी मूल होण्याचीही वर्षं. कायद्यानं अडवायला आता कुणी नव्हतं. घड्याळ होतं.

आता थोडं आपल्याकडे. आयटीनं टाईमशीट थेट वकिलांकडून उचललं असा माझा दावा नाही, कन्सल्टंट आणि सीए मंडळीही ते भरतातच. पण आजार तोच. माझ्या आधीच्या एका कंपनीत टीममधल्या एका मुलानं स्क्रिप्ट लिहून रोजचं चार तासांचं रिपोर्टचं काम दहा मिनिटांवर आणलं. टीम लीड म्हणाले, "छान केलंस रे, पण आता उरलेले तास क्लायंटला कुठे दाखवायचे?" त्यांचं वाईट नव्हतं काही, त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. स्क्रिप्ट बाजूला पडली. तो मुलगा पुन्हा चार तास तेच काम करायला लागला आणि सहा महिन्यांत पेपर टाकून गेला.

अमेरिकन वकिलांच्या तासांचा एक धागा मुंबईतही येतो. २००४ साली सुरू झालेली पँजिया थ्री ही कंपनी न्यूयॉर्क आणि मुंबईतून चालायची. अमेरिकेत असोसिएटनं करायचं कागद चाळण्याचं काम इथले तरुण वकील करायचे, कितीतरी कमी पैशांत. २०१० साली ती थॉमसन रॉयटर्सनं घेतली. आणि आता तेच चाळण्याचं काम एआय काही मिनिटांत करतं. जुलै २०२४ मध्ये एबीएनं मत दिलं की एआय वापरून काम लवकर झालं तर प्रत्यक्ष लागलेल्या वेळेचेच पैसे लावायचे, वाचलेल्या तासांचे नाही. न्याय्य आहे. पण तासावर उभ्या असलेल्या फर्मला ह्याचा अर्थ एवढाच होतो की हुशारीनं काम केलंत तर नुकसान. आमच्या त्या स्क्रिप्टचीच गोष्ट, फक्त सुटाबुटात.

हे कुणाला कळलं नाही असं नाही. २००९ साली खुद्द क्रॅवाथ फर्मचे प्रमुख इव्हान चेस्लर ह्यांनी 'फोर्ब्स'मध्ये लेख लिहून बिलेबल तास संपवा म्हटलं होतं. त्याआधी २००२ साली एबीएच्या एका आयोगानं अख्खा अहवाल लिहिला की हे प्रकरण वकिलांना आणि समाजाला पोखरतंय. आणि उपाय म्हणून एका असोसिएटच्या वर्षाचा आदर्श आराखडा दिला. एकूण २३०० तास, त्यातले १९०० बिलेबल. म्हणजे ज्या संस्थेनं १९५८ साली १३०० सांगितले, तिचाच सुधारणा सुचवणारा आयोग १९०० ला 'आदर्श' म्हणत होता. त्याच आराखड्यात गोरगरिबांच्या फुकट कामासाठी किती तास होते? १००. तेही टाईमशीटवर लिहून.

मला ह्या सगळ्या प्रकरणातली हीच ओळ सगळ्यात जास्त लागली. स्मिथनं वेळ मोजायला घेतला तेव्हा दारातल्या रांगेतली आणखी चार माणसं आत यावीत हा हिशेब होता. शंभर वर्षांनी तोच कागद रांगेतल्या माणसाला २३ पैकी १ तास देतो.

टाईमशीट जाळून टाका असं मी म्हणणार नाही. कुठे वेळ जातो हे कळलंच पाहिजे, नाहीतर प्रोजेक्टचं इस्टिमेट कशाच्या जोरावर देणार? पण मोजणं वेगळं, त्यावर भाव लावणं वेगळं आणि त्यावरून माणसाची लायकी ठरवणं आणखी वेगळं. ह्या तीन पायऱ्या अमेरिकन वकील साठ-सत्तर वर्षांत उतरले. आपण त्या किती वर्षांत उतरतोय ते आपापल्या ऑफिसात बघा. अप्रेझलच्या वेळी समोरचा माणूस 'काय केलंस?' असं आधी विचारतो की 'किती तास भरलेस?' असं?

असो. बराच वेळ घेतला तुमचा. ०.३ तरी नक्कीच गेले असतील, पण ह्याचं बिल कुणाला लावणार? :)